पिशव्या कुणी सांभाळायच्या

धाकट्याने आपणहून सगळ्यांना पाळण्यांच्या उद्यानात सहलीला न्यायचं काढलं, तेव्हाच थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एरवी हा माणूस नुसता चहाला आला तरी बिस्किटांची बशी आपल्या बाजूला ओढून बसणारा. आणि आज बघा! सगळ्यांची तिकिटं काढलीत, गाडीतली पुढची सीट थोरल्या भावाला दिलीय, आईच्या पाठीला उशी आणलीय, आणि वर, "वहिनी, आज तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही हं. नुसती मजा करायची!" नुसती मजा म्हणे! लग्न होऊन या घरात आल्यापासून थोरलीने नुसती मजा कुणी केल्याचं पाहिलं नव्हतं, आणि या उद्यानात तर नाहीच नाही.

कारण या घराची एक रीत होती. चष्म्याचं दुकान काढणारे सासरे मोठे धोरणी. मुलगे दोन, दोघंही नाकावर राग घेऊन जन्मलेले. घरात काही महत्त्वाचं बोलायला घेतलं की एक दार आपटून बाहेर जायचा आणि दुसरा ताटावरून उठायचा. शेवटी एकदा सासऱ्यांनी दोघांना इथे आणलं, गोल फिरणाऱ्या मोठ्या पाळण्यात बसवलं, आणि डबा पार वर गेल्यावर सांगितलं की दुकान थोरला बघेल, धाकट्याने आपली वेगळी वाट धरावी. आता उठून जा म्हणावं! जातोस कुठे? दोघं मुकाट्याने ऐकून खाली उतरले. तेव्हापासून घरातलं जे मोठं ठरायचं ते पाळण्यातच. धाकट्याचं लग्न पाळण्यात ठरलं, दुकानाची मागची खोली वाढवायची पाळण्यात ठरली, सासऱ्यांनी आपल्या ऑपरेशनची बातमीही पाळण्यातच फोडली. सासरे गेले, रीत राहिली. वर बोललेला शब्द पक्का. खाली आल्यावर वाद घालायचा नाही.

आणि या सगळ्या वेळी थोरली कुठे होती? खाली, पिशव्यांपाशी. तिला उंचीची भयंकर भीती. घडीच्या शिडीवर दुसऱ्या पायरीला तिला दरदरून घाम फुटायचा. दुकानात वरच्या खणातली फ्रेम हवी असली तर ती गोड बोलून गिऱ्हाइकालाच वर चढवायची. त्यामुळे सगळ्यांच्या पर्स, स्वेटर, चपला, पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बाकावर बसणं हे तिचं ठरलेलं काम. डबा खाली आला की उतरणाऱ्यांचे चेहरे बघायचे आणि वर काय झालं ते ओळखायचं. तिच्या संसारातले सगळे निर्णय तिला असे चेहऱ्यांवरून कळले होते.

आज वर काय ठरणार हे मात्र तिला आधीच ठाऊक होतं. सासूबाई थोरल्याचं घर सोडून धाकट्याकडे राहायला जाणार.

कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला हवं? गेले काही महिने ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. सासूबाई बदलल्या होत्या. आधी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून मग सगळ्यांना ऐकवणाऱ्या, त्या आता पेपरला हात लावत नव्हत्या. "त्याच त्याच बातम्या," म्हणायच्या. आपलं कपाट उघडून एकेक वस्तू चाचपत बसायच्या. कशाला? न्यायचं काय आणि ठेवायचं काय याचा अंदाज घ्यायला, दुसरं काय! औषधांच्या बाटल्यांना धाकटीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, येऊन रबर लावले होते, एकीला एक, दुसरीला दोन. इतकी वर्षं औषधं थोरली देत होती, तिला कधी रबर लागले नाहीत. धाकटी पडली दवाखान्यातली नर्स, तिला काय सांगणार. ती दर पंधरा दिवसांनी सासूबाईंना "जरा फिरवून आणते" म्हणून न्यायची आणि दोघी परत आल्या की मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प.

बरं, ही झाली परकी. थोरलीची स्वतःची मुलगी, भिंगरी, तीही त्यांनाच सामील! कॉलेजातून आली की आजीच्या खोलीत, दार लोटलेलं, आत कुजबुज. थोरली आत शिरली की दोघी एकदम हवापाण्याच्या गप्पा मारायला लागायच्या.

पण या सगळ्याहून तिला लागली होती ती एक दुपार. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अंगात धाकटीने स्वतःच्यासारखाच आणून दिलेला नवा निळा ड्रेस. सासूबाईंनी मान वर केली, इतक्या मायेने हसल्या आणि म्हणाल्या, "आलीस का गं धाकटे? मी तुझीच वाट बघत होते."

थोरली तशीच मागे फिरली. तो ड्रेस तिने परत अंगाला लावला नाही.

आणि शेवटचं म्हणजे, सासूबाई नजर चुकवायला लागल्या होत्या. हे घर चष्मेवाल्याचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं ही इथली पहिली शिस्त, नव्या सुनेला पहिल्या दिवशी शिकवलेली. शिकवणाऱ्या कोण, तर सासूबाईच. त्याच आता थोरलीशी बोलताना तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघायच्या. मनात काही नसेल तर माणूस असं कशाला करील?

जाऊ देत की, असंही तिने मनाला सांगून बघितलं होतं. एक खोली मोकळी होईल. कुणी भाजीत मीठ कमी म्हणणार नाही. पण मग सकाळचा पहिला चहा कुणाबरोबर घ्यायचा? ती एकोणीस वर्षांची या घरात आली तेव्हापासून तो चहा दोघींचा. भांडण झालेलं असो, अबोला असो, मागच्या पायरीवर दोन कप येणारच. आणि लोक काय म्हणतील ते वेगळंच. थोरलीने सांभाळलं नाही म्हणून सासू धाकटीकडे गेली, हेच म्हणणार ना?

"ताई, सॅन्डविच घ्या ना," धाकटी म्हणाली. सगळे मोठ्या पाळण्यासमोरच्या बाकांवर बसले होते. धाकटीने एक सॅन्डविच सासूबाईंच्या हातात ठेवलं, हातात म्हणजे अगदी बोटं धरून. "आई, पाणी उजव्या हाताला आहे हं."

"त्यांना दिसतंय की कुठे आहे ते," थोरली म्हणाली.

धाकटी आणि भिंगरी दोघींनी एकदम एकमेकींकडे बघितलं. थोरलीने ते बरोबर टिपलं.

"असू दे गं," सासूबाई थोरलीच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाल्या. "काळजीने सांगते ती."

"हो, काळजी फार वाढलीय सगळ्यांची," थोरली म्हणाली आणि पिशव्या नीट लावायला लागली. खरं तर त्या नीटच होत्या.

इतक्यात धाकट्याने थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. "दादा, चल. रोलर कोस्टर."

"मी? वेड लागलंय का तुला?" थोरला हसला. पण त्याचे डोळे मघापासून तिकडेच होते, हे थोरलीला माहीत होतं. हा माणूस दिवसभर काळजीपूर्वक भिंगं घासायचा. केसाएवढी चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून. अशा माणसाला वर्षातून एकदा तरी किंचाळावंसं वाटत असेलच.

"लहानपणी तू मला ढकलून बसवलं होतंस. आठवतं का? आज उट्टं काढतो."

"अहो, खाणं झालंय नुकतं," थोरली म्हणाली.

"बाबा, भ्यायलात ना? सांगा ना भ्यायलात म्हणून!" भिंगरीने पेटवलं, आणि संपलंच. थोरल्याने चष्मा काढून रुमालात गुंडाळला, थोरलीच्या हातात दिला आणि बाह्या सरसावत निघाला. त्याच्या मागून भिंगरी उड्या मारत.

थोरली बघत राहिली. बरोबर, थोरल्याला बाजूला काढलं. आता इथे राहिल्या सासूबाई, धाकटी आणि आपण. आता धाकटी म्हणणार, ताई, जरा पाण्याच्या बाटल्या भरून आणता का?

"ताई," धाकटी म्हणाली, "तुम्हाला पाय मोकळे करायचे असतील तर या ना जाऊन. मी आहे आईंजवळ."

"माझे पाय मोकळेच आहेत," थोरली म्हणाली.

वर रुळांवर खडखडाट झाला. गाडी हळूहळू चढत होती. इतक्या लांबून आणि चष्म्याशिवायही थोरल्याचं टक्कल ओळखू येत होतं. टोकावर गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग एकदम खाली सुटली. थोरलीने डोळे गच्च मिटले. किंचाळ्यांमधून एक ओळखीची आली, घोगरी, लांबलचक, "आई गंऽऽऽ!"

"थोरला ना तो?" सासूबाई हसल्या. "लहान असताना अस्साच ओरडायचा. डोळ्यांत औषध घालताना."

मग त्यांचं हसू अचानक विझलं. त्या हळूच धाकटीला म्हणाल्या, "त्याला पाळण्यात आधी सांगू दे मला. तुम्ही मधे बोलू नका."

त्यांना वाटलं असेल, थोरली ऐकत नाही. थोरलीला या घरात शिंक यायच्या आधी ऐकू यायची.

तर हे असं होतं! म्हणजे आपला संशय खरा. डब्यात कोण बसणार तेही ठरलंय. सासूबाई, धाकटा, धाकटी आणि थोरलीचा नवरा. आणि ती बसणार बाकावर, डबा खाली येईपर्यंत, मग नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्यावरून ओळखणार की आपली सासू गेली.

रोलर कोस्टरवरून मंडळी परतली. भिंगरीचे केस उभे, धाकटा हसतोय, आणि थोरला... थोरल्याचा रंग ओल्या चुन्यासारखा. तो आला, बाकावर बसला, आणि दोन्ही हातांनी बाक धरून राहिला.

"फिरतंय सगळं," तो म्हणाला. "पण मजा आली. आई शप्पथ, मजा आली! माझा चष्मा दे."

"दादा, आता पाळणा," धाकटा घाईने म्हणाला.

"पाळणा? पाळण्याचं नाव काढलंस तर इथेच ओकीन."

धाकट्याचा चेहरा पडला. त्याने धाकटीकडे बघितलं, धाकटीने सासूबाईंकडे. सासूबाई हवेत बघत म्हणाल्या, "मग राहू दे. पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी कशाला?" थोरली उठली. आपण काय करतोय हे तिचं तिलाच कळायच्या आत तिने सगळ्या पिशव्या एकेक करून नवऱ्याच्या मांडीवर रचल्या. पर्स, स्वेटर, बाटल्या, भिंगरीची सॅक. "ह्या घ्या. आज तुम्ही सांभाळा. मी जाते."

"तू?" थोरला चष्म्यावरून बघायला लागला. "पाळण्यात? अगं, तू माळ्यावरचा डबा काढायला मला दुकानातून बोलावतेस!"

"आई, तू बेशुद्ध पडशील हं," भिंगरी म्हणाली.

"पडले तर तुझी आजी आहे. चला आई."

रांगेत धाकटा आणि धाकटी मागोमाग आलेच. पाळणेवाल्याने डब्याचं दार उघडलं तेव्हा थोरलीने सासूबाईंना आत बसवलं, स्वतः शिरली आणि मागे वळून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दोघं मागच्यात बसा."

"वहिनी, पण मला आईबरोबर..."

"मागचाही डबा वरच जातो. पाळणेवाले दादा, दार लावा."

पाळणेवाल्याने दार लावलं, खिट्टी घातली, आणि थोरलीला वाटलं आपण ठार वेडे आहोत.

डबा हलला. तिच्या पायांखालची जमीन गेली. तिने पुढचा दांडा पकडला, डोळे मिटले, आणि तोंडाने ती सासूबाईंशी भांडायला लागली, कारण भांडताना भीती जरा कमी वाटत होती.

"आई, काय ते सांगून टाका. तुम्ही जाणार ना धाकट्याकडे?"

सासूबाईंनी चाचपून दांडा धरला.

"मला सगळं कळलंय. मी काही दूधखुळी नाही."

"कुणी सांगितलं? भिंगरीने?"

"म्हणजे भिंगरीलाही माहीत! वा! माझ्या पोटची पोर, आणि तिनेही मला ताकास तूर लागू दिली नाही. सांगा, जाणार ना?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "जाणार आहे."

संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. थोरलीला काही बरं वाटलं नाही. डबा झुलत होता, वारा कानात शिरत होता, आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"माझं काय चुकलं?" ती म्हणाली. "भांडले असेन. तोंड आहे मला, बोलते मी. पण कधी तुम्हाला सोडून चहा प्यायलेय? तुम्हाला ताप आला तेव्हा कोण उठत होतं? आणि तुम्ही मला धाकटी म्हणून हाक मारता! इतकी नकोशी झाले?"

"कधी म्हटलं मी तुला धाकटी?"

"म्हटलंत. स्वयंपाकघरात. मी निळा ड्रेस घातला होता."

"अगं बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तू होतीस ती?"

थोरलीने डोळे उघडले. खाली बघितलं नाही, सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंचं तोंड तिच्याकडे होतं, नजर मात्र नेहमीसारखी भलतीकडेच, तिच्या कानापाशी.

"माझ्याकडे बघून बोला!" थोरली ओरडली. "निदान आज तरी नजर चुकवू नका!"

"बघतेच आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "आता मला असंच बघता येतं. सरळ बघितलं की मधोमध काळा डाग येतो आणि तू त्यात बुडून जातेस. बाजूला बघितलं की तू थोडी दिसतेस. तुझा कान दिसतो. केस दिसतात. तोंड नाही दिसत."

डबा एक गचका देऊन थांबला. खाली कुणाला तरी बसवत असणार. तो दोघींना घेऊन अगदी वर लटकत राहिला, आणि थोरली पडण्याची भीतीच विसरून गेली.

रबर. चाचपलेलं कपाट. न वाचलेला पेपर. "पाणी उजव्या हाताला आहे हं." एकेक गोष्ट तिच्या डोक्यात उलटी होऊन बसत होती.

"पण यांनी तपासले ना तुमचे डोळे? दर वर्षी तपासतात. मी स्वतः बघितलंय. शेवटची ओळ धडाधड वाचता तुम्ही!"

"वाचत कुठे होते? म्हणत होते." सासूबाईंनी गालातल्या गालात हसून घेतलं, पण ते हसू फार टिकलं नाही. "तो तक्ता तुझ्या सासऱ्यांनी लावलेला. तू यायच्या आधी मी दुकानात बसायचे. दिवसभर माणसं येऊन तीच अक्षरं म्हणायची. मला झोपेतसुद्धा येतात, वरून खाली, खालून वर. सुरुवातीला मला वाटलं, वय झालं, चालायचंच. खुर्चीत बसले आणि तोंडातून आपोआप सगळं बाहेर आलं. त्याला किती आनंद झाला! म्हणाला, आई, तुझे डोळे माझ्याहून चांगले. मग मला पुढे खरं सांगवेना."

"आणि यांना कळलं नाही?"

"गिऱ्हाइकाला तपासतो तसं तपासलं असतं तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. पण मला खुर्चीत बसवून तो गप्पा मारायचा गं. वर्षातून तेवढाच एक दिवस तो माझ्याशी निवांत बोलायचा."

थोरलीने त्यांचा हात धरला.

"धाकटीला संशय आला," सासूबाई म्हणाल्या. "तिने नेलं मोठ्या डॉक्टरांकडे. पडदा मधे खराब झालाय म्हणाले. आधी आला असतात तर थोडं तरी थोपवता आलं असतं. आधी म्हणजे कधी, तर माझा मुलगा मला तपासत होता तेव्हा. हे त्याला कळलं तर? त्याच्या हातात बसलेलं सगळं कसब जाईल. तो पुन्हा कुणाचे डोळे तपासणार नाही. मी ओळखते ना त्याला. म्हणून ठरवलं, धाकट्याकडे जावं. तिथे अडखळले, पडले, तरी याच्या डोळ्यांसमोर नाही. तुला सांगायचं होतं. पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"हे मात्र खरंय," थोरली नाक पुसत म्हणाली.

मग सासूबाई म्हणाल्या, "आपण अगदी वर आहोत ना? वारा लागतोय."

"हो."

"काय दिसतंय सांग ना. मी दर वेळी इथून सगळं बघायचे. आज नुसता उजेड आहे."

आतापर्यंत तिने फक्त सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं होतं. बाहेर बघायचं म्हणजे खाली बघायचं. "मला नाही जमणार, आई," ती म्हणाली. "खरंच नाही. मी मरेन."

"बरं, राहू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात रुसवा अजिबात नव्हता. तेच थोरलीला सहन झालं नाही.

तिने दांडा दोन्ही हातांनी आवळला आणि बाहेर बघितलं. सगळं गरगरलं. तिने पुन्हा बघितलं.

"झाडं आहेत," ती म्हणाली. "खूप. वरून कोबीच्या गड्ड्यांसारखी दिसतायत. त्याच्या पलीकडे गाड्या लावल्यात. एक लाल आहे, बाकी सगळ्या पांढऱ्या. मग घरं. एका गच्चीवर चादरी वाळत घातल्यात, आणि एक बाई... काय करतेय ती... हां, चादरीच्या आड लपून आइस्क्रीम खातेय. एकटीच!"

"खाऊ दे बिचारीला," सासूबाई म्हणाल्या. "आणि आपली माणसं?"

"हे बाकावर आहेत. सगळ्या पिशव्या पोटाशी धरून बसलेत, चोर पळवून नेईल असे. भिंगरी फोटो काढतेय त्यांचे. अहो, पॉपकॉर्न फोडलं यांनी! मघाशी ओकणार होते!"

सासूबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डबा हलला, थोरली किंचाळली, आणि मग तीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

डबा सुटला आणि हळूहळू खाली निघाला. थोरलीने चेहरा पुसला.

"तुम्ही कुठेही जाणार नाही आहात," ती म्हणाली.

"वर बोललेलं पक्कं असतं. मी जाणार म्हटलंय."

"ते चढताना म्हटलंत. मी उतरताना म्हणतेय. शेवटचा शब्द धरायचा असतो."

"असा नियम कधी होता?"

"मला काय माहीत? मी कुठे कधी वर आले होते! आणि यांना सांगायचं. आजच."

"नको गं," सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. "त्याला फार लागेल."

"लागू दे. चार दिवस दुकान बंद ठेवतील, माझ्यावर ओरडतील, जेवणार नाहीत. मी बघते त्यांच्याकडे. पण तुम्ही रात्रंदिवस आमच्यापासून लपून, आपल्याच घरात भिंती चाचपत फिरायचं? आणि मी मूर्खासारखी तुमच्यावर संशय घेत बसायचं? मला नाही हे झेपत, आई. मला तुम्ही सकाळी पायरीवर हव्या आहात."

सासूबाईंनी तिचं मनगट सोडलं नाही.

डबा खाली टेकला. पाळणेवाल्याने दार उघडलं. पिशव्या सावरत थोरला उठून दारापाशी आला होता, आता रंग जरा परतला होता.

"काय, जिवंत आहेस?" तो थोरलीला म्हणाला. "मग? काय ठरलं वर?"

"आई आपल्याकडेच राहणार आहेत," थोरली म्हणाली.

"म्हणजे? आई कुठे जाणार होती?"

"आणि दुकानातला तक्ता बदला."

"तक्त्याला काय धाड भरलीय? बाबांचा तक्ता आहे तो."

"म्हणूनच."

सासूबाई उतरत होत्या. डब्याची पायरी त्यांच्या समोरच होती, पिवळ्या पट्ट्याची, आंधळ्यालाही... थोरलीने तो विचार तिथेच थांबवला. सासूबाईंचं पाऊल पायरीच्या अलीकडे उतरलं, मग पलीकडे, आणि हवेत जमीन शोधत राहिलं. थोरल्याने ते बघितलं. त्याच्या खांद्यावरून, हातांतून, एकेक करून सगळ्या पिशव्या खाली पडल्या. बाटली गडगडत रांगेतल्या लोकांच्या पायांत गेली.

त्याने आईला उतरवून घेतलं, दोन पावलं बाजूला नेलं, आणि तिच्या तोंडासमोर हात धरला. दुकानात धरायचा तसाच, बरोबर तितक्याच अंतरावर.

"आई," तो म्हणाला. आवाज गिऱ्हाइकाशी बोलतानाचा होता, म्हणजे तसा ठेवायचा प्रयत्न होता. "किती बोटं?"

तिथे काही पाठ केलेलं नव्हतं. सासूबाई मान जराशी वळवून उभ्या राहिल्या.

"बोटं नाही दिसत रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या शर्टाची बाही दिसते."

त्याने तळहाताने तिचा एक डोळा झाकला. "आता?"

"आता पण बाहीच."

हात तिथून हलला नाही. सासूबाईंनी वर हात नेऊन तो आपल्या गालाशी दाबून धरला. "तुझी चूक नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "मी फसवलं तुला." थोरला लहान पोरासारखा रडत होता आणि रांगेतले लोक बघत होते.

मागचा डबा टेकला. धाकटा आणि धाकटी घाईघाईने उतरले, समोरचं बघून जागीच थबकले. भिंगरी पळत आली आणि आईच्या तोंडाकडे बघून घाबरली. तिघंही आता थोरलीकडे बघत होते, तिच्या चेहऱ्यावरून वर काय झालं ते ओळखायला.

"असे बघत काय उभे राहिलात?" थोरली म्हणाली. "पिशव्या उचला. आईंचा हात मी धरते."